फेरबदलाचा कौल : होंडाची व्हीएफआर आणि तिचे चालक

मोटारसायकलचा इतिहास बहुतेक वेळा कारखान्याच्या आणि शर्यतीच्या बाजूने लिहिला गेला आहे. कोणते इंजिन कोणत्या वर्षी आले, त्याची ताकद किती होती आणि त्याने कोणती अजिंक्यपदे मिळवली, याच्या नोंदी सहज हाती लागतात. परंतु तीच गाडी पदरचे पैसे घालून घेणाऱ्या आणि आठ-दहा वर्षे उन्हापावसात चालवणाऱ्या माणसाने तिच्याविषयी काय मत बनवले, आणि कारखान्याने तिच्यात फेरबदल केल्यावर ते मत कसे पालटले, याचा मागोवा क्वचितच घेतला जातो. वास्तविक, एखाद्या गाडीची सुधारलेली आवृत्ती बाजारात येते तेव्हा तिची खरी परीक्षा या जुन्या मालकांसमोरच होत असते, कारण नवी गाडी आधीच्या गाडीशी ताडून पाहण्याचे साधन, म्हणजे हजारो किलोमीटरचा अनुभव, त्यांच्यापाशीच असतो.

जपानच्या होंडा कंपनीची व्हीएफआर ही मालिका या दृष्टीने विशेष अभ्यासण्याजोगी आहे. १९८६ साली ७५० सीसी इंजिनासह सुरू झालेल्या या मालिकेत पुढील तीन दशकांत अनेक मोठे फेरबदल झाले, आणि प्रत्येक फेरबदलावर युरोप आणि अमेरिकेतील चालकांनी आपली मते वाचकांच्या पत्रांतून, मालकांच्या क्लबांतून आणि मासिकांनी घेतलेल्या सर्वेक्षणांतून आवर्जून मांडली. ब्रिटनमधील 'राइड' मासिकाने तर मालकांनीच आपल्या गाड्यांना गुण द्यावेत अशी सर्वेक्षणे चालवून या मतांना छापील रूप दिले. या मालिकेच्या 'पहिली पिढी', 'पाचवी पिढी', 'सहावी पिढी' अशा ज्या पिढ्या आज सांगितल्या जातात, ती मोजदादही मुख्यतः चालकांमध्ये रुळलेली आहे. या चालकांनी २००२ सालच्या फेरबदलाविषयी जी नाराजी व्यक्त केली, तिची बोळवण पुष्कळदा 'जुन्याचा हट्ट' म्हणून केली जाते. ही समजूत अपुरी आहे. त्या नाराजीचे मूळ १९८३-८४ मध्ये याच घराण्यातील एका गाडीने दिलेल्या दग्यात, आणि तो दगा भरून काढण्यासाठी कंपनीने उचललेल्या खर्चिक पावलात आहे. तो मागचा भाग नजरेआड केला, तर २००२ मध्ये चालक कशासाठी इतके दुखावले याचा उलगडा होत नाही.

आधी या वर्गाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. स्पोर्ट-टूरर म्हणजे वळणाच्या रस्त्यावर शर्यतीच्या गाडीसारखी नेमकी वळणारी, परंतु दिवसभरात पाच-सहाशे किलोमीटर सामानासह आणि मागे माणूस बसवून आरामात नेणारी मोटारसायकल. या वर्गाचा आरंभ सामान्यतः जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीच्या १९७६ सालच्या आर १०० आरएस या गाडीपासून धरला जातो. हान्स मूट यांनी आखलेले तिचे फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारे पुढचे कवच, इटलीतील पिनिनफारिना या संस्थेच्या पवनबोगद्यात तपासून घडवलेले होते, आणि ते हँडलला न जोडता गाडीच्या सांगाड्याला पक्के बसवलेले असल्यामुळे वाऱ्याचा झोत हँडल हलवीत नसे. ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने जर्मनीतील महामार्गांवर तासन्‌तास जाणाऱ्या माणसाच्या खांद्यांवरचा आणि मनगटांवरचा ताण त्यामुळे एकदम उतरला.

याच गाडीने चालकांच्या मताचे वजनही पहिल्यांदा दाखवून दिले. १९८३ मध्ये पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची के मालिका आणल्यावर बीएमडब्ल्यूने आपली हजार सीसीची जुनी बॉक्सर इंजिने, म्हणजे समोरासमोर आडवी बसवलेली दोन सिलिंडरची इंजिने, मोडीत काढण्याचे ठरवले आणि १९८४ मध्ये आर १०० आरएसचे उत्पादन थांबवले. पण मागणी इतकी टिकून राहिली की दोन वर्षांतच ही गाडी परत आणावी लागली. परत आलेल्या गाडीची ताकद मात्र ७० अश्वशक्तीवरून ६० वर आली होती, आणि गाडी परत मिळाल्याच्या समाधानाबरोबर त्या घटीची तक्रारही जुन्या मालकांनी केलीच. या वर्गाच्या ग्राहकाला केवळ नवेपणा भुलवत नाही, हे तेव्हापासून दिसत आले आहे.

होंडाच्या कथेची सुरुवात १९८० नंतरच्या व्ही-४ इंजिनांपासून होते. दोन-दोन सिलिंडरच्या दोन ओळी इंग्रजी 'व्ही' अक्षराप्रमाणे ९० अंशांच्या कोनात बसवल्या की इंजिनातील कंपने बऱ्याच अंशी परस्परांना मारून टाकतात, आणि एका ओळीत चार सिलिंडर असलेल्या इंजिनापेक्षा त्याची रुंदीही कमी राहते; म्हणून होंडाने आपले भवितव्य या रचनेवर लावले. १९८३ मध्ये आलेली व्हीएफ ७५० एफ ही गाडी अमेरिकेत 'इंटरसेप्टर' या नावाने विकली गेली, तिच्या चालीचे कौतुक झाले, आणि तिच्यावर स्वार होऊन फ्रेड मर्केल यांनी १९८४ चे अमेरिकी सुपरबाईक अजिंक्यपदही मिळवले. शर्यतीच्या मैदानावर ही गाडी जिंकत असतानाच गिऱ्हाइकांच्या दारात उभ्या असलेल्या गाड्या मात्र आतून झिजत होत्या.

झीज कॅमशाफ्टची होती. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर फिरणारा आणि आपल्या उंचवट्यांनी व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. व्हीएफच्या कॅमशाफ्टच्या उंचवट्यांवर काही हजार किलोमीटरमध्येच खड्डे पडू लागले, टॅपेटचा टकटक आवाज वाढू लागला, आणि सेटिंग करून घेतले तरी तो पुन्हा सुरू होऊ लागला. इंजिनाच्या माथ्यापर्यंत ऑइल पुरेसे पोहोचत नाही, बेअरिंगमधील फट नेमकी राखलेली नाही, धातूचा पृष्ठभाग पुरेसा कठीण नाही, अशी वेगवेगळी निदाने झाली आणि प्रत्येक निदानाबरोबर नवा उपाय आला. कंपनीने कॅमशाफ्ट बदलून दिले, त्यांची रचना सुधारली, टॅपेट तपासण्याची रीत बदलली, आणि बाहेरच्या छोट्या कारखान्यांनी माथ्याला थेट ऑइल पोहोचवणाऱ्या जादा नळ्यांचे संच विकायला काढले. ब्रिटनमधील चालकांनी या कॅमशाफ्टना 'चॉकलेटचे' असे नाव ठेवले. ज्या कंपनीची सारी पुण्याई 'चावी फिरवा आणि निघा' या भरवशावर उभी होती, तिच्यासाठी यासारखी नामुष्की दुसरी नव्हती.

या नामुष्कीला होंडाने दिलेले उत्तर म्हणजे १९८६ ची व्हीएफआर ७५० एफ. सांगाडा ॲल्युमिनियमचा झाला, वजन उतरले, संपूर्ण फेअरिंग आले. परंतु सर्वांत महत्त्वाचा बदल डोळ्यांना न दिसणारा होता. बहुतेक मोटारसायकलींमध्ये कॅमशाफ्ट एका साखळीने फिरतो, जिला मेकॅनिक टायमिंग चेन म्हणतात. ही चेन स्वस्त आणि हलकी असते, पण वापराने ती ढिली होते, तिचा ताण राखण्यासाठी टेन्शनर नावाचा जादा भाग लागतो, आणि तो भाग थकला की व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ ढळते. होंडाने ही चेन काढून टाकली आणि क्रँकशाफ्टपासून कॅमशाफ्टपर्यंत एकमेकांत अडकणाऱ्या दातेरी गिअरांची माळ बसवली. अशी रचना तोवर मुख्यतः शर्यतीच्या इंजिनांत दिसे, कारण ती महाग आणि जड असते, आणि दातांमध्ये किंचित जरी फट राहिली तरी ती खडखडते. ती फट मारण्यासाठी गिअरचे दोन पातळ भाग करून त्यांच्यामध्ये स्प्रिंग ठेवावी लागते, म्हणजे दोन्ही भागांचे दाते समोरच्या दात्याला दोन्ही बाजूंनी चिकटून राहतात. एवढे करूनही त्या माळेतून एक बारीक, सलग घरघर ऐकू येत असेच, आणि ती घरघर पुढे व्हीएफआरची ओळख ठरली.

कॅमशाफ्टची झीज आणि चेन यांचा संबंध तसा सरळ नव्हता; व्हीएफचा दोष मुख्यतः ऑइल आणि बेअरिंग यांचा होता, चेनचा नव्हे. म्हणजे गिअर बसवणे हा केवळ दोषाचा इलाज नव्हता, तर गिऱ्हाइकाला दिलेली हमी होती : इंजिनाच्या माथ्यात पुन्हा काही बिघडू नये म्हणून कंपनी शर्यतीच्या गाडीला परवडणारा खर्च रस्त्यावरच्या गाडीवर करण्यास तयार आहे, असा तिचा अर्थ होता आणि चालकांनी तो तसाच घेतला. टॅपेट तपासण्याचे अंतर सुमारे २५,००० किलोमीटर ठेवण्यात आले, आणि पुष्कळ मालकांनी असे लिहिले की तितक्या अंतराने झाकण उघडल्यावरही मापे जिथल्या तिथे आढळतात. एकदा दगा खाल्लेल्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ही गोष्ट वेगापेक्षा किंवा रूपापेक्षा फार मोठी होती.

अमेरिकेत ही गाडी सुरुवातीला ७०० सीसीच्या आवृत्तीतही विकली गेली. हार्ली-डेव्हिडसन कंपनीला सावरण्यासाठी अमेरिकी सरकारने १९८३ मध्ये ७०० सीसीहून मोठ्या आयात मोटारसायकलींवर भारी जादा जकात बसवली होती, आणि तिच्यातून सुटण्यासाठी जपानी कंपन्यांनी आपली इंजिने थोडी लहान करून पाठवली. ब्रिटनमध्ये मात्र ७५० सीसीचीच गाडी पोहोचली, आणि १९८६ च्या ट्रान्सअटलांटिक स्पर्धेत डॉनिंग्टन पार्कच्या ओल्या मैदानावर रॉन हॅस्लम यांनी जवळजवळ दुकानातून काढल्यासारखी व्हीएफआर शर्यतीच्या यंत्रांमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत नेली. तिचीच शर्यतीसाठी घडवलेली भावंडे, म्हणजे आरसी ३० आणि नंतरची आरसी ४५ या गाड्या, पुढे जागतिक सुपरबाईक स्पर्धेत गाजल्या : पहिल्याच, म्हणजे १९८८ च्या, आणि १९८९ च्या स्पर्धेचे अजिंक्यपद मर्केल यांनी आरसी ३० वर, तर १९९७ चे अजिंक्यपद जॉन कोसिन्स्की यांनी आरसी ४५ वर मिळवले. स्वतः व्हीएफआर मात्र शर्यतीपासून हळूहळू दूर जात प्रवासाकडे वळली.

१९९० आणि १९९४ चे फेरबदल चालकांनी जवळपास एकमुखाने स्वीकारले, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी थोडक्यात सांगितले तरी चालेल. १९९० मध्ये मागचे चाक एकाच बाजूने धरणारा स्विंगआर्म आला, जो होंडाने फ्रान्सच्या एल्फ या तेलकंपनीच्या शर्यतपथकाबरोबर विकसित केला होता. १९९४ मध्ये वजन उतरले आणि रूप अंडाकृती पिस्टनांच्या प्रसिद्ध एनआर ७५० गाडीसारखे झाले. लंडनमध्ये कागदपत्रे पोहोचवणाऱ्या कुरिअर चालकांपासून पोलिसांपर्यंत अनेकांनी ही गाडी रोजच्या कामाला जुंपली, आणि जपानी पोलिसांसाठी तिची स्वतंत्र आवृत्तीही निघाली. अमेरिकेच्या 'सायकल वर्ल्ड' मासिकाने वर्षातील दहा उत्तम गाड्यांच्या यादीत तिला वारंवार स्थान दिले. 'सर्व काही करणारी गाडी' ही तिची ख्याती या काळातली आहे.

१९९८ ची व्हीएफआर ८०० ही पहिली अशी आवृत्ती होती की जिच्यावर मते थोडी विभागली. इंजिन आरसी ४५ च्या घराण्यातले, ७८१ सीसीचे होते; कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले; रेडिएटर समोरून काढून दोन्ही बाजूंना नेले. कॅमशाफ्ट फिरवणारे गिअर कायम होते, फक्त त्यांची माळ सिलिंडरांच्या मधून एका टोकाला सरकली होती. बाजूच्या रेडिएटरांचा ताप उन्हाळ्यात शहरात अडकल्यावर पायांना जाणवतो अशी कुरकुर झाली, आणि बॅटरी भारित ठेवणारा रेग्युलेटर जळण्याचे प्रकार पुढे इतके परिचयाचे झाले की लांबच्या प्रवासाला निघताना दुसरा रेग्युलेटर सोबत ठेवण्याचा सल्ला जुने मालक नव्यांना देऊ लागले. पण खरा वाद ब्रेकवर झाला.

होंडाने या गाडीला जोडब्रेक दिले, म्हणजे पुढचा आणि मागचा ब्रेक एकमेकांशी जोडले. ही रचना तपशिलाने पाहण्याजोगी आहे. चालकाने हाताचा ब्रेक दाबला की पुढच्या चाकाच्या दोन्ही कॅलिपरमधील बाहेरचे पिस्टन डिस्कला चिमटा घेत; त्यातला डावा कॅलिपर पक्का न बसवता थोडा हलता ठेवलेला होता, त्यामुळे फिरत्या डिस्कबरोबर तो किंचित ओढला जाई, आणि त्या ओढीने एक दुसरा छोटा मास्टर सिलिंडर दाबला जाऊन ब्रेक ऑइलचा दाब मागच्या चाकाकडे जाई. उलट, पायाचा ब्रेक दाबला की मागच्या चाकाबरोबर पुढच्या कॅलिपरमधील मधला पिस्टनही काम करी. घाबरून एकच ब्रेक दाबणाऱ्या माणसाची गाडी सरळ आणि लवकर थांबावी, हा त्यामागचा हेतू होता आणि तो साधलाही. ज्यांनी केवळ प्रवासासाठी ही गाडी घेतली त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती रचना वाखाणली. वळणात वेग किंचित उतरवण्यासाठी फक्त मागचा ब्रेक हलकेच लावण्याची सवय असलेल्या कसलेल्या चालकांना मात्र पुढचे चाकही आपोआप पकडले जाणे खटकले, आणि घरी स्वतः काम करणाऱ्यांना त्या असंख्य नळ्यांतली हवा काढून ब्रेक ऑइल बदलणे जिकिरीचे झाले. दोन्ही बाजू आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक होत्या. भारतातील वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये, कारण होंडाने २००९ मध्ये ॲक्टिव्हा स्कूटरला तिचेच साधे, केबलवर चालणारे रूप दिले, ज्यात डाव्या हाताचा ब्रेक दाबला की दोन्ही चाके धरली जातात, आणि एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना अशी जोडणी किंवा एबीएस असणे सक्तीचे झाले. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर गर्दीत स्कूटर चालवणाऱ्याला जी सोय मुकाट उपयोगी पडते, तीच युरोपातील डोंगरी वळणांवर कसबी चालकाला अडचणीची वाटली.

त्यानंतर २००२ आले. नव्या व्हीएफआरमध्ये होंडाने एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या : सायलेन्सर सीटखाली नेले, इंजिनाला व्हीटेक दिले, आणि कॅमशाफ्ट फिरवणारे गिअर काढून त्यांच्या जागी चेन बसवली. सीटखालच्या सायलेन्सरची ढब डुकाटी ९१६ ने १९९४ पासून लोकप्रिय केली होती. प्रवासी गाडीला तिचा उपयोग शून्य होता, उलट वजन वर चढले आणि ताप मागे बसणाऱ्यापर्यंत पोहोचू लागला, हे चालकांचे म्हणणे निर्विवाद होते. व्हीटेकचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे.

व्हीटेक हे व्हॉल्व्हची उघडझाप इंजिनाच्या वेगानुसार बदलणारे होंडाचे तंत्र असून १९८९ मध्ये ते कंपनीच्या कारमध्ये आणि १९९९ मध्ये जपानमधील ४०० सीसी मोटारसायकलमध्ये आले होते. व्हीएफआरच्या प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह होते, परंतु मिनिटाला सुमारे ६,८०० फेऱ्यांपर्यंत त्यांतले दोनच उघडत. उरलेल्या दोन व्हॉल्व्हच्या डोक्यावरील वाटीसारख्या लिफ्टरमध्ये एक आडवी पिन होती. कमी वेगात कॅम त्या वाटीला दाबी, पण पिनमधील छिद्र व्हॉल्व्हच्या दांड्यासमोर असल्यामुळे वाटी नुसतीच वरखाली होई आणि व्हॉल्व्ह बंद राही. ठरलेल्या वेगाला ऑइलचा दाब त्या पिनला सरकवी, तिचा भरीव भाग दांड्यावर येई, आणि त्या क्षणी सर्व सोळा व्हॉल्व्ह कामाला लागत. कमी वेगात दोन व्हॉल्व्हमधून हवा जोराने आत शिरते म्हणून गाडीला चांगली ओढ मिळते, आणि जास्त वेगात चार व्हॉल्व्ह मोकळा श्वास देतात, असे या तंत्राचे गणित होते.

कागदावर बिनचूक असलेले हे गणित रस्त्यावर चालकांना दोन तुकड्यांत जाणवले. ६,८०० च्या उंबरठ्यावर आवाज एकदम बदले आणि ताकद एका पायरीने वर चढे. सरळ रस्त्यावर ओव्हरटेक करताना काहींना त्यात मजा वाटली, परंतु गाडी वळणात झुकलेली असताना तो उंबरठा आला की मागच्या टायरवर अचानक पडणारा जोर त्यांना नकोसा वाटला, आणि आधीच्या गाडीची एकसंध, रबर ताणल्यासारखी ओढ हरवली अशी खंत जुन्या मालकांनी पुन्हापुन्हा व्यक्त केली. एकूण ताकद १९९८ च्या गाडीहून जवळपास वाढलेलीच नव्हती, त्यामुळे हा सारा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्त होता. त्यात भर म्हणजे टॅपेट तपासण्याचे काम किचकट झाले. आतल्या पिना जागेवर अडकवून ठेवणारी खास हत्यारे त्याला लागत, तास जास्त लागत, आणि अनेक ठिकाणी सर्व्हिसिंगचे बिल पूर्वीच्या मानाने इतके वाढले की काही मालक ते काम पुढे ढकलू लागले. २५,००० किलोमीटरपर्यंत इंजिनाचे झाकण न उघडण्याची जी निश्चिंती या मालिकेने मिळवून दिली होती, तिच्याच जागी आता टाळाटाळ आली.

या पार्श्वभूमीवर गिअर जाऊन चेन येण्याची घटना पाहिली पाहिजे. होंडाच्या बाजूने कारणे भक्कम होती : चेन हलकी, स्वस्त आणि शांत असते, आणि आवाजाचे नियम वर्षागणिक कडक होत असताना गिअरांची घरघर हा अडथळाच होता. तांत्रिकदृष्ट्या २००२ पर्यंत चेन इतकी सुधारली होती की तिच्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण उरले नव्हते, आणि पुढे काही गाड्यांत टेन्शनरचा खडखडाट ऐकू येऊ लागला तरी १९८३ सारखी आपत्ती कधीच आली नाही. तरीही चालकांचे म्हणणे चुकीचे ठरत नाही. कंपनीने एके काळी स्वतःच्या चुकीची भरपाई म्हणून, गरजेपेक्षा भक्कम असा एक भाग दिला होता. त्याच्यावर विसंबून दोन-तीन वेळा तीच गाडी घेणारा ग्राहकवर्ग तयार झाला होता. आणि आता तोच भाग किंमत आणि आवाज यांच्या हिशेबात काढून घेतला गेला. अभियंत्याने भागाची मजबुती मोजली, मालकाने दिलेला शब्द मोजला. ही दोन मापे वेगळी असून दुसरे माप कमी खरे आहे, असे मानण्याचे कारण नाही.

मात्र हा कौल सरसकट प्रतिकूल होता असे म्हणणेही न्यायाचे नाही. ज्यांनी आधीची व्हीएफआर कधी चालवली नव्हती त्यांना २००२ ची गाडी आवडली, एबीएसचा पर्याय, सुबक बांधणी आणि लांब पल्ल्याचा आराम यांची त्यांनी मनापासून स्तुती केली, आणि लाखभर किलोमीटर विनातक्रार गेल्याच्या हकिकती त्यांच्याकडूनही आल्या. नाराजी मुख्यतः पाचव्या पिढीवरून, म्हणजे १९९८ च्या गाडीवरून, सहाव्या पिढीवर, म्हणजे २००२ च्या गाडीवर, आलेल्यांची होती. होंडाने २००६ मध्ये व्हीटेकचा उंबरठा ६,४०० वर आणला आणि संक्रमण मऊ केले. सुधारणा सर्वांनी मान्य केली, पण ती अर्धीच पुरली.

२०१० च्या व्हीएफआर १२०० एफ या गाडीत कंपनीने व्हीटेक टाळले आणि चेनस्प्रॉकेटऐवजी मागचे चाक फिरवणारा शाफ्ट दिला, शिवाय क्लच न दाबता गिअर बदलणारी दुहेरी क्लचची रचना मोटारसायकलमध्ये प्रथमच आणली. भारतातही ही गाडी त्याच सुमारास आयात होऊन आली, परंतु तिची किंमत पाहता ती मोजक्या शौकिनांपुरतीच राहिली. १२३७ सीसीच्या या गाडीचे वजन २६० किलोच्या पुढे होते आणि पेट्रोलची टाकी अवघी १८.५ लिटरची होती. प्रवासी म्हणवणारी गाडी पेट्रोलपंपावर इतक्या लवकर का थांबते, हा पहिला आक्षेप चालकांनी घेतला आणि २०१२ च्या आवृत्तीत टाकी अर्ध्या लिटरने वाढली. अर्ध्या लिटरने कोणाचे समाधान झाले नाही. जुन्या मालकांच्या नजरेत ही व्हीएफआर नव्हतीच. त्यांना हवी होती ती ८०० सीसीची, हलकी, रोजच्या वापराची गाडी, आणि ती कंपनीच्या यादीतून दिसेनाशी झाली होती.

ती २०१३ च्या शेवटी मिलानच्या प्रदर्शनात नव्या रूपात दाखवली गेली आणि २०१४ मध्ये विक्रीला आली. या आवृत्तीत चालकांच्या बारा वर्षांच्या तक्रारी ओळीने वाचून दाखवल्यासारखे बदल होते : सायलेन्सर सीटखालून काढून पुन्हा खाली बाजूला, रेडिएटर पुन्हा समोर, जोडब्रेक रद्द, वजन सुमारे दहा किलोने कमी, व्हीटेकचे संक्रमण आणखी सौम्य. व्हीटेकचा हा धडा होंडाने मधल्या काळात, २०११ च्या क्रॉसरनर या उंच बसणीच्या गाडीत तेच इंजिन वापरताना गिरवला होता. गिअर मात्र परत आले नाहीत. तोवर इतकी माणसे ताठ बसण्याच्या, उंच सस्पेन्शनच्या साहसी म्हणवणाऱ्या गाड्यांकडे वळली होती की स्पोर्ट-टूरर हा वर्गच आक्रसत चालला होता, आणि एवढ्या लहान बाजारासाठी इंजिन मुळापासून नवे घडवण्याचा खर्च कोणी उचलणार नव्हते. २०१४ च्या गाडीवर चालकांचा कौल त्यामुळे दुहेरी पडला : ज्यांनी सुधारणा मागितल्या होत्या त्यांनी 'ही २००६ मध्येच यायला हवी होती' असे म्हटले, तर ज्यांना नवे इंजिन हवे होते त्यांनी जुन्याचीच डागडुजी केल्याचा ठपका ठेवला. त्यांच्यातील कित्येकांनी नवी गाडी घेण्याऐवजी १९९८ ते २००१ मधली, गिअर असलेली, कमी चाललेली गाडी शोधून काढली आणि तिचा रेग्युलेटर बदलून तिच्यावरच प्रवास चालू ठेवला.